गच्चीची किल्ली आणि नणंदेची कात्री

ताई, नमस्कार.

मी नाशिकला शाळेत मराठी शिकवते. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पाचव्या दिवशी वीस मिनिटांचं छोटं नाटक करायचं ठरलंय आणि ते लिहायचं काम माझ्यावर आणि माझ्या नणंदेवर आलंय. मी ए विंगमध्ये राहते, ती सी विंगमध्ये. ती बँकेत आहे, कॉलेजात असताना तिनं एकांकिका केल्यात.

कल्पना दोघींना आवडलेली आहे. रात्रीचे पावणेबारा. सोसायटीच्या गेटवरची केबिन. एक आजोबा वॉचमनकडे गच्चीची किल्ली मागतात. सकाळी वॉटरप्रूफिंगवाले येणार आणि गच्चीवरचं सगळं अडगळ म्हणून फेकणार. त्यात आजींची, म्हणजे आजोबांच्या वारलेल्या बायकोची, कुरडया-पापड वाळत घालायची खाट आहे. वॉचमन किल्ली देत नाही. मग सेक्रेटरीबाई येतात. एवढंच.

भांडण पुढे आहे. मला ते हृदयस्पर्शी हवंय, तिला विनोदी. मी आजोबांचं दीड पानी स्वगत लिहिलं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर स्वगत गायब! तिनं मला न विचारता उडवलं. तिनं वॉचमनच्या तोंडी मोडक्या हिंदीतले विनोद घातले, ते मी काढले (हो, मीही न विचारता). शेवट तिला सगळे मिळून आरती म्हणतात असा हवाय, मला आजोबा खाटेवर डोकं टेकून रडतात असा. आता आम्ही व्हॉट्सॲपवर एकमेकींना फक्त 'ओके' लिहितो. सासूबाई म्हणतात, "स्टेज कशाला बांधताय? घरातच प्रवेश चाललाय की."

सात आठवडे उरलेत. मिळून लिहिणं सोडून द्यावं का?

— एक वहिनी, नाशिक

*

प्रिय वहिनी,

सासूबाईंचं वाक्य आधी वहीत उतरवून ठेवा. तुमच्या दोघींच्या मसुद्यात इतकं नेमकं वाक्य असेल की नाही, मला शंका आहे.

सोडू नका. मात्र आत्ता जे चाललंय त्याला मिळून लिहिणं म्हणत नाहीत. एकाच फाइलमध्ये दोघी आपापलं नाटक लिहिताय आणि एकमेकींच्या नाटकातलं सामान बाहेर फेकताय. तुमच्या त्या वॉटरप्रूफिंगवाल्यांसारखंच.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून बोलत नाही. कॉलेजात असताना मी एका मैत्रिणीबरोबर एकांकिका लिहिली होती. तेव्हा मोबाइल नव्हते, झेरॉक्स होती. शेवटची दुरुस्ती दोघींनी आपापल्या घरी, आपापल्या प्रतीवर केली आणि ज्या नटांची घरं जवळ होती त्यांना त्या प्रती वाटल्या. माझ्या प्रतीत नाटकातला बाप बेळगावला गेलेला होता, तिच्या प्रतीत जालन्याला. स्पर्धेत आईचं काम करणारी मुलगी ठणकावून म्हणाली, "हे बेळगावला गेलेत." दोनच मिनिटांत मुलगा धावत आत आला, "आई, बाबांची जालन्याहून तार!" असा हशा पिकला की पुढची तीन वाक्यं कुणाला ऐकूच गेली नाहीत. आमच्या अख्ख्या एकांकिकेला मिळालेला तो एकमेव हशा. आणि आम्ही शोकांतिका लिहिली होती.

तेव्हापासून माझा हट्ट असतो की संहिता एका वेळी एकाच हातात राहावी. आज तिच्याकडे, उद्या तुमच्याकडे. दोघींना एकाच वेळी उघडता येणारी ती फाइल आज रात्रीपासून बंद. ज्याच्या हातात पान असेल त्यानं वर तारीख घालायची आणि दुसरीकडे देताना जुनी प्रत फाडायची. शाळेत तुम्ही गुणपत्रकांची ही शिस्त पाळतच असाल, इथेही पाळा.

आता मूळ दुखणं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात आजोबा आहेत, आजी आहेत, खाट आहे, कुरडया आहेत, सकाळी येणारी माणसंसुद्धा आहेत. आणि वॉचमनबद्दल दोन शब्द आहेत: 'देत नाही'. का देत नाही? नियम आहे म्हणून? नियम कारण म्हणून सांगितला जातो, पण त्यामागे खरं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. ते तुमच्या दोघींपैकी कुणालाच ठाऊक नाही, असं मला दिसतंय.

तुमची दोन्ही भांडणं याच भोकातून आलीत. वॉचमनला काय हवंय ते नणंदेला माहीत नाही, म्हणून तिनं ती रिकामी जागा विनोदांनी भरली. आणि आजोबांच्या समोर खऱ्या अर्थानं कुणी उभंच नाही, म्हणून तुमच्या आजोबांना दीड पान स्वतःशीच बोलावं लागलं. समोरचा अडवायला लागला की माणसाला स्वगतं सुचत नाहीत, उत्तरं सुचतात.

एका प्रवेशाच्या नाटकाला फार भांडवल लागत नाही. एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं असतं, आत्ताच्या आत्ता हवं असतं, आणि दुसऱ्याला ते देऊन चालणार नसतं. तुमच्याकडे 'हवं' आहे आणि 'आत्ता' तर फारच छान आहे: सकाळी माणसं येणार. तिसरी बाजू तेवढी कोरी आहे. ती भरल्याशिवाय एक ओळही पुढे लिहू नका. मिळून ठरवायची गोष्ट ही एवढीच, आणि ती ठरेपर्यंत दोघींनी एका टेबलाशी बसायचं. सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलाशी मात्र नको. कॉलेज रोडला चहाच्या टपऱ्या कमी नाहीत. तिथे तुम्ही नणंद-भावजय नसता, बिल कोण देणार यावर वाद घालणाऱ्या दोन लेखिका असता.

मला सुचलेल्या दोन शक्यता देते. घ्या किंवा टाका.

पहिली. कोजागिरीला पोरांनी गच्चीवर धिंगाणा घातला होता, किल्ली यानंच दिली होती, पगारातून पैसे कापले गेले. हे झालं सांगायचं कारण. पण मनातलं वेगळंच आहे. पावणेबारा वाजता एक एकटा म्हातारा माणूस येऊन सातव्या मजल्यावरच्या गच्चीची किल्ली मागतोय. बायको चार महिन्यांपूर्वी गेलेली. वहिनी, कुठल्याही वॉचमनच्या पोटात काय येईल? तुमच्या दोघींच्याही हे लक्षात आलेलं दिसत नाही, आणि प्रेक्षकांच्या मात्र पहिल्या मिनिटात लक्षात येईल. तो हे तोंडानं बोलू शकत नाही. मग तो चहा ओततो. घरी कोण कोण असतं ते विचारतो. मुलगा कुठे असतो, त्याचा नंबर काय, सून कशी आहे. आजोबांना यातलं काहीच कळत नाही, ते वैतागतात, "अहो, मी किल्ली मागायला आलोय, मुलगी बघायला नाही!" इथे मंडप हसेल. त्याच वेळी मागच्या रांगेतल्या एखाद्या सुनेच्या घशात काहीतरी अडकेल. तुम्हाला हृदयस्पर्शी हवं, तिला विनोदी हवं, हे भांडण या एका वाक्यात मिटलं की नाही?

दुसरी शक्यता जरा वाह्यात आहे. खाट गच्चीवर नाहीच. ती यानं कधीच खाली आणलीय आणि केबिनच्या मागे टाकून रोज त्यावर पाठ टेकतो. किल्ली दिली की भांडं फुटणार. ही वाट घेतलीत तर सगळं नाटक आजोबांच्या हातून वॉचमनच्या हातात जाईल; मला ते चालेल, तुम्हाला चालेल का ते बघा. दोन्ही वाटा एकदम घेऊ नका. वीस मिनिटांत एकच गुपित मावतं.

कारण ठरलं की लिखाणाची वाटणी. इथे माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही: वॉचमन तुम्ही लिहायचा आणि आजोबा नणंदेनं.

तुमचा आजोबांवर जीव आहे, आणि तीच अडचण आहे. ज्याच्यावर जीव असतो त्याला आपण फार बोलू देतो. नणंदेला आजोबांचा इतका लळा नाही, ती त्यांना कमी शब्दांत बोलायला लावेल. आणि वॉचमनकडे ती फक्त हशा घेणारा म्हणून बघते. तुम्ही त्याच्या जागी बसलात की त्याची नोकरी, त्याचा पगार, त्याची झोप हे तुमच्या डोळ्यांपुढे येईल. तुम्ही त्याची बाजू लढवाल, ती आजोबांची लढवेल. त्या अबोल्यात जी ऊर्जा वाया चाललीय ती संवादांत येईल.

पहिली बैठक वही बंद ठेवून करा. समोरासमोर बसायचं, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायचं, आणि पंचवीस मिनिटं नुसतं बोलायचं. ती किल्ली मागणार, तुम्ही देणार नाही. हसू येईल, लाज वाटेल, मध्येच "अगं, दुधाला विरजण लावलं का?" असंही येईल, येऊ द्या. दुसऱ्या दिवशी ते ऐकून कागदावर उतरवा. त्यातलं निम्मं टाकाऊ असेल, उरलेल्यात अशी दहा-बारा वाक्यं सापडतील जी टेबलाशी बसून दोघींनाही सुचली नसती. माणसं बोलताना प्रश्नाला सरळ उत्तर देत नाहीत, हे रेकॉर्डिंग ऐकलं की फार लवकर कळतं. वर्गात शिकवून कळत नाही. (मीही सहा वर्षं शिकवलंय, म्हणून म्हणते.)

नमुन्यादाखल थोडं लिहून दाखवते. तुमच्या स्वगतातली एक ओळ तुम्ही पत्रासोबत जोडली होती: "या गच्चीवर माझ्या सखीच्या आयुष्यातली तेवीस उन्हं वाळली आहेत." वहिनी, ओळ वाईट नाही, पण ती आजोबांची नाही, मराठीच्या बाईंची आहे. पावणेबारा वाजता, पायात स्लिपर, हातात टॉर्च घेतलेला माणूस असं बोलत नाही. तो असं काहीतरी बोलेल:

आजोबा : गच्चीची किल्ली देता का जरा?
वॉचमन : आत्ता?
आजोबा : आत्ताच.
वॉचमन : पावणेबारा वाजलेत, काका.
आजोबा : घड्याळ आहे माझ्याकडे. किल्ली नाही.
वॉचमन : सेक्रेटरीबाईंची चिठ्ठी आणा.
आजोबा : त्या झोपल्यात.
वॉचमन : मग तुम्ही पण झोपा.
आजोबा : मला वरून एक वस्तू आणायचीय फक्त.
वॉचमन : वर काय आहे? टाकी आहे, डिशा आहेत, ती मोडकी खाट आहे.
आजोबा : मोडकी नाही.
वॉचमन : एका पायाखाली वीट लावलीय, काका.
आजोबा : (थांबून) वीट तिनं लावली होती.

तुमचं दीड पान त्या शेवटच्या ओळीत आलं. ती वीट कुणी लावली, कशी लावली, जिन्यावरून वर कशी नेली, हे प्रेक्षक आपापल्या घरातली वीट आठवून भरून घेतील. आणि दुसरी शक्यता घेतलीत तर वॉचमनला त्या विटेची इतकी बारीक माहिती कशी, असा प्रश्न आजोबांना पडायला हवा. तिथून तुम्हाला पुढचा रस्ता आपोआप मिळतो.

मोडक्या हिंदीबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. माणूस भाषा चुकीची बोलतो म्हणून हसायचं, हे मराठी रंगमंचावर इतकं झिजलंय की त्यात आता गंमतही उरलेली नाही. आणि तो तुमच्याच गेटवरचा माणूस आहे, प्रयोगाला तो तिथेच उभा असणार. वॉचमन हिंदी बोलणारा असेल तर असू द्या, पण हशा त्याच्या हुशारीवर यावा. वरच्या संवादात "मग तुम्ही पण झोपा" वर हसू येतं, तेव्हा प्रेक्षक वॉचमनच्या बरोबरीनं हसतात. नणंदेला हे असंच सांगा. "तुझे विनोद काढले" असं म्हणू नका. "इथे दुसरा हशा हवाय, तुला जमेल" असं म्हणा. तिच्या हाडात स्पर्धेची एकांकिका मुरलेली आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ सालापासून चालू आहे, मुंबईत चतुरंग संस्थेची 'सवाई' एकांकिका स्पर्धा आहे; असल्या स्पर्धांच्या वाऱ्यात वाढलेली पोरं एक गोष्ट घट्ट शिकतात: पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षक पकडायचा. तिची ही सवय तुमच्या कामाची आहे, ती मोडू नका.

आणि तिची कात्री? ती बरोबर ठिकाणी चालली, वाईट पद्धतीनं चालली. यावर माझ्याकडे जुना तोडगा आहे. एक स्वतंत्र वही करा आणि तिला 'माळा' नाव द्या. संहितेतून काढलेलं प्रत्येक वाक्य माळ्यावर जाईल, कचऱ्यात काहीही जायचं नाही. जिनं काढलं तिच्या नावाचं पहिलं अक्षर शेजारी. घरातही आपण असंच करतो, नको झालेली परात लगेच टाकवत नाही, माळ्यावर चढवतो, आणि सहा वर्षांनी ती बरोबर ज्या दिवशी हवी असते त्या दिवशी उतरवतो. तुमची तेवीस उन्हं माळ्यावर ठेवा. कदाचित त्यातला 'तेवीस' हा आकडा सेक्रेटरीबाईंच्या तोंडी उपयोगी पडेल: "तेवीस वर्षं झाली सोसायटीला, खाटेची एनओसी कुणी घेतली होती का?"

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. दुसरीनं लिहिलेल्या पात्रात खुपलं तर 'इथे खुपतं' एवढंच म्हणायचं. कसं दुरुस्त करायचं ते जिचं पात्र तिनं ठरवायचं. आयती दुरुस्त ओळ हातात ठेवायची नाही. कठीण आहे, तुम्हाला जास्त कठीण, कारण हातात लाल पेन धरायची सवय. पण खुपण्याची जागा दाखवणारी जोडीदारीण मिळणं हाच दोघींनी लिहिण्याचा फायदा. दुरुस्त्या सुचवणारे तर सोसायटीत शंभर भेटतील.

वाचन नेहमी उलटं करा. तिनं लिहिलेले आजोबा तुम्ही वाचायचे, तुमचा वॉचमन तिनं. आपलं वाक्य आपण वाचताना आवाजानं सांभाळून नेतो. दुसऱ्याच्या तोंडात ते अडखळलं की समजायचं, वाक्यात खडा आहे. मोबाइलवर वेळ लावा. नुसतं वाचून सतरा मिनिटं झाली तर पुरे. हशे, चहा ओतणं, टॉर्च शोधणं यांत उरलेली तीन सहज जातात. वाचूनच वीस झाली तर दोघींनी माळ्याकडे बघावं.

सेक्रेटरीबाईंना मी बाराव्या मिनिटाच्या आत येऊ देणार नाही. गाऊनवर ओढणी, एका डोळ्यात झोप, हातात मोबाइलचा उजेड. त्या आल्या की काहीतरी उलटं-पालटं झालं पाहिजे, नुसता 'काय चाललंय हे' असा आवाज नको. एखादी बातमी घेऊन येऊ देत: वॉटरप्रूफिंगवाले सहाऐवजी पाचलाच येतायत, किंवा आजोबांच्या मुलानंच 'गच्ची रिकामी करा' म्हणून सही केलीय. ही सहीची गोष्ट मला फार आवडली, तुमच्यावर लादत नाही.

मंडपाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण तुम्ही दोघी हे नाटक कालिदास कलामंदिरात होणार असल्यासारखं लिहिताय. सोसायटीच्या मंडपात पहिली दोन मिनिटं कुणाला काही ऐकू येत नाही. खुर्च्या सरकतात, प्रसादाची रांग चालू असते, कुणाचं तरी पोर हरवलेलं असतं. त्यामुळे वीट, खाट, सकाळ यातलं काहीही पहिल्या दोन मिनिटांत खर्च करू नका. तेवढ्या वेळात वॉचमनला एकटा ठेवा: रजिस्टर, डासांची अगरबत्ती, किल्ल्यांचा बोर्ड, त्याच्यावर 'पंप', 'मीटर रूम', 'गच्ची' असे पुठ्ठ्याचे तुकडे. त्यानं एक किल्ली चुकीच्या खिळ्याला अडकलेली बघून नीट जागी लावावी. कोण आहे हा माणूस ते कळलं. माइक दोनच असतील आणि तेही स्टँडचे, म्हणून टेबल मधोमध घ्या आणि महत्त्वाचं बोलणं टेबलाशीच होऊ द्या. शिवाय रात्री दहानंतर स्पीकर बंद करावा लागतो, काही ठराविक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. पाचवा दिवस त्यात बसतो का ते मंडळाच्या लोकांना आत्ताच विचारा. बक्षीस समारंभ लांबला की नाटकालाच कात्री लागते, आणि ती नणंदेच्या कात्रीपेक्षा बोथट असते.

ब्लॅकआऊट एकही नको. संगीत नाटकांच्या जमान्यात आपल्याकडे एका अंकात पाच-सहा प्रवेश आणि प्रत्येकाला नवा पडदा अशी चाल होती. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं एका अंकाला एकच प्रवेश आणि एकच सेट घेऊन नाटक उभं केलं, तेव्हा ते नवल वाटलं होतं. इतक्या वर्षांनी आपल्या हौशी एकांकिकांत तेच जुने पडदे अंधाराचं रूप घेऊन परत आलेत. दर तीन मिनिटांनी दिवे जातात आणि काळोखात कुणाच्या तरी पायाला खुर्ची लागते. तुमची गोष्ट पावणेबाराला सुरू होऊन बारा वाजून पाच मिनिटांनी संपते. घड्याळ आणि नाटक बरोबरीनं चालू शकतं, हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही. आणि मंडपात ट्यूबलाइट असतात, त्या बंद केल्या की परत लागताना लुकलुकतात.

आता शेवट. आरतीवरही नको, रडण्यावरही नको. दोन्ही शेवट नाटक संपल्यानंतरचे आहेत. तुम्ही प्रेक्षकांना एकच प्रश्न दिलाय, किल्ली मिळते की नाही. त्याचं उत्तर मिळालं की पडदा. मी असा केला असता. सेक्रेटरीबाई निघून गेल्यात. वॉचमन बराच वेळ गप्प. मग रजिस्टर आजोबांपुढे सरकवतो.

वॉचमन : नाव लिहा. फ्लॅट नंबर. वेळ.
आजोबा : लिहिलं.
वॉचमन : शेवटचा रकाना राहिला.
आजोबा : 'कामाचं स्वरूप'. काय लिहू?
वॉचमन : जे असेल ते.

आजोबा चष्मा पुसतात, लिहितात, वेळ घेऊन लिहितात. वॉचमन रजिस्टर स्वतःकडे फिरवून वाचतो. बोर्डावरची किल्ली काढतो. टॉर्चही देतो. बस. काय लिहिलं ते प्रेक्षकांना सांगायचं नाही. आजोबांनी काय लिहिलं असेल याबद्दल तुमचं आणि नणंदेचं मत वेगळं निघालं, तर हा एकच मतभेद मिटवू नका. नटाला मात्र तालमीत रोज खरोखर काहीतरी लिहायला लावा, नुसता पेन फिरवू देऊ नका, लांबूनही कळतं. हा शेवट आवडला नाही तर माळा आहेच.

वेळापत्रक मी सात आठवड्यांचं असं पाहते: तीन आठवडे लिखाण, मग स्क्रिप्ट लॉक, पुढचे चार आठवडे तालीम. लॉक झाल्यावर शेवटचा हात एकीनंच फिरवायचा, म्हणजे सगळी माणसं एकाच नाटकातली वाटतात. तो हात तुमचा असू द्या, भाषा तुमची पक्की आहे. बदल्यात दिग्दर्शन तिचं. तालमीत नटांशी फक्त ती बोलेल. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर तिच्या कानात, चहाच्या वेळी. दोघींनी दोन सूचना दिल्या की नट तिसरंच करतो.

नावांचंही आत्ताच ठरवा. फलकावर 'लेखन' या शब्दापुढे दोन्ही नावं, एकाच आकारात. क्रम चिठ्ठी टाकून. 'संकल्पना' एकीची आणि 'संवाद' दुसरीचे असली वाटणी करू नका, तिच्यातून पुढची दहा वर्षं दिवाळीला टोमणे निघतात. कायद्याच्या दृष्टीनंही ते बरं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, दोघांचं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही अशा कृतीला संयुक्त लेखन म्हटलंय. हक्क दोघींचा राहतो आणि मुदत मागे राहिलेल्या लेखिकेच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची. गणपतीतल्या नाटकाला कायदा कशाला, असं म्हणाल. पण नणंद बँकेत आहे, बँकवाल्यांच्या नाट्यस्पर्धा असतात, आणि पुढच्या वर्षी तिला हे तिथे करावंसं वाटणारच. तेव्हा दोघींची संमती लागेल, आणि स्पर्धेत बहुतेक ठिकाणी नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मागतात, त्यासाठी संहिता एकच आणि पक्की लागेल. बेळगाव आणि जालना दोन्ही चालणार नाही.

पहिलं पाऊल तुम्ही टाका. तुम्हीही तिचे विनोद न विचारता उडवलेत, हे कंसात का होईना, कबूल केलंय. तेच तिला कंसाबाहेर सांगा. 'ओके'च्या जागी एवढंच लिहा: "आजोबा तू घे, वॉचमन मला दे. शनिवारी चहा." कारण विचारलंन तर हे पत्र पुढे ढकला.

आणि एक राहिलंच. शनिवारी चहाला जाण्याआधी तुमच्या गेटवरच्या खऱ्या वॉचमनशी दहा मिनिटं बोला. रात्री पावणेबाराला कुणी किल्ली मागितली तर ते आधी काय विचारतात, बोर्डावर कुठल्या कुठल्या किल्ल्या असतात, रजिस्टरला शेवटचा रकाना असतो का. प्रयोगाच्या दिवशी गेटवर कुणीतरी दुसरं उभं करा आणि त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा. रेकॉर्डिंग पाठवाल तेव्हा कॅमेरा एकदा त्यांच्याकडेही वळवा.

— तुमची ताई